काकांची थुंकी

चिन्नीचे कान माझ्यामुळे गेले. आमच्या घरात याची वेगळीच हकिकत सांगतात, आणि ती मी वर्षानुवर्षं खाली मान घालून ऐकून घेतली आहे. त्या हकिकतीत सगळा दोष माझ्या काकांचा आहे. काका आता नाहीत. माझीही पन्नाशी उलटली. तेव्हा जे झालं ते झालं तसं इथे उतरवून ठेवतो. वाचताना किळस येईल. मला लिहितानाही येते आहे, दोनदा उठून चूळ भरून आलो. पण ती वगळली तर सांगण्यासारखं काही उरतच नाही, कारण जे नुकसान झालं ते माझ्या किळसेनंच केलं.

नुंगंबाक्कमला स्टेशनच्या अलीकडच्या एका गल्लीत, घरमालकाच्या मोठ्या घराच्या पाठीमागे, आम्ही दोन खोल्यांत राहत होतो. मी लहान असतानाच वडील गेले, तेव्हा त्यांच्या धाकट्या भावानं, म्हणजे काकांनी, आईला आणि मला तंजावरहून मद्रासला आणलं. आम्ही तंजावरचे मराठी, घरात मराठी आणि बाहेर तमिळ बोलणारे. काका रेल्वेच्या हिशेबाच्या कचेरीत कारकून होते. स्वभावानं मऊ, आवाजानं त्याहून मऊ. काकू मात्र खणखणीत बोलायच्या. त्यांची एकुलती एक मुलगी सरस्वती, लग्नानंतर फार वर्षांनी झालेली. तिला सगळे चिन्नी म्हणत, तमिळमध्ये चिन्नी म्हणजे धाकटी. पहाटे पहिली गाडी गेली की खिडकीच्या गजांत अडकवलेला आरसा थरथरायचा, मग स्वयंपाकघरात कापीच्या, म्हणजे कॉफीच्या, फिल्टरवर काकू झाकण आपटायच्या, आणि त्या आवाजानं चिन्नी उठायची. इतकं हलकं झोपायची ती. डाळ निवडताना दाणा ताटात पडला तरी डोळे उघडायची. आई म्हणायची, "हिचे कान की मांजराचे कान!"

आमच्या घरात देवापेक्षा कडक एक गोष्ट होती, ती म्हणजे एच्चिल. उष्टं, थुंकी, ओठांचा ओलावा, या सगळ्याला आमच्याकडे हा एकच तमिळ शब्द. पाणी प्यायचं ते भांडं वर धरून, धार घशात सोडून, ओठ न लावता. कापीसुद्धा तशीच, कितीही गरम असली तरी. महाराष्ट्रातून बदली होऊन आलेले काकांच्या कचेरीतले एक साहेब एकदा घरी आले आणि त्यांनी टंबलर, म्हणजे कापीचा पेला, सरळ ओठाला लावला. ते गेल्यावर काकूंनी तो टंबलर आधी राखेनं, मग चिंचेनं, मग पुन्हा राखेनं घासला आणि तरीही तो परसातल्या तुळशीला पाणी घालायलासुद्धा न वापरता तसाच कोनाड्यात पालथा घालून ठेवला. या बाबतीत घरात सगळ्यांत कडवा मी होतो. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो, विज्ञान शिकत होतो, पण पाटावर माझ्या ताटाला कोणाच्या ताटाची कड लागली तर भात तसाच टाकून उठायचो. चिन्नी माझंच बघून शिकली. कोणाच्या बोटाला जिभेचा ओलावा लागलेला दिसला की ती कमरेवर हात ठेवून निवाडा द्यायची, "घाण केली!" तिच्या त्या तीन-साडेतीन वर्षांच्या आयुष्यात याहून मोठा गुन्हा नव्हता. आम्ही हसायचो.

काकांचा खोकला आधी सर्दीचा होता, मग धुळीचा होता, मग कचेरीतल्या जुन्या कागदांचा होता. मिऱ्याचं सार झालं, सुंठ झाली, छातीला कापूर-तेल झालं. रात्री घशातून काहीतरी खरवडून वर आणल्याचा आवाज यायचा, थोडा थांबायचा, मग राख भरलेल्या डब्यात ते पडल्याचा थप्प आवाज. मी पांघरूण कानावर ओढून घ्यायचो. सकाळी काकू तो डबा परसात नेऊन मागच्या चुलीत रिकामा करायच्या, आणि डब्याच्या कडेला चिकटलेला पिवळट-हिरवा बेडका काडीनं सोडवायच्या. त्यात एके दिवशी रक्ताची रेघ दिसली. सरकारी दवाखान्यात छातीचा फोटो निघाला, आणि डॉक्टरांनी शब्द उच्चारला. क्षय.

त्या काळी क्षय झाला म्हणजे माणूस शहराबाहेर सॅनेटोरियममध्ये जायचा आणि बहुतेक वेळा तिकडचाच व्हायचा. पण तेव्हा नुकतीच नवी रीत सुरू झाली होती. डॉक्टर म्हणाले, घरी राहा, विश्रांती घ्या, या गोळ्या आणि पुड्या न चुकता घ्या, महिन्याच्या महिन्याला सकाळची थुंकी तपासायला पाठवा. थुंकी स्वच्छ आली की समजायचं औषध लागू पडलं. "आणि घरात लहान मूल आहे ना? थुंकी स्वच्छ होईपर्यंत त्याला इथून हलवा. आणि खिडक्या उघड्या ठेवा. तोंडावर फडकं धरून खोका."

चिन्नीला काकूंच्या माहेरी, कुंभकोणमला पाठवलं. खिडक्या मात्र आम्ही बंद केल्या. घरमालकाच्या कानावर खोकला गेला असता तर त्यानं आम्हाला दुसऱ्या दिवशी बाहेर काढलं असतं. खोकल्याचा आवाज आत आणि सांबराणीच्या उदाचा धूर आत. फडकं आणि खिडकी आम्हाला फार महत्त्वाची वाटलीच नाही, कारण रोग कुठून जातो ते आम्हाला ठाऊक होतं. रोग एच्चिलातून जातो. काकांचं ताट वेगळं केलं, टंबलर वेगळा केला, ते वेगळ्या कोपऱ्यात ठेवले, आणि आम्ही निश्चिंत झालो. विज्ञान शिकणारा मीही निश्चिंत झालो.

काका दिवसभर पडून असायचे. चिन्नीची एक लाकडी बाहुली मागे राहिली होती, ती उशाशी ठेवायचे. "वासू, यावेळी स्वच्छ येईल काय रे?" एवढंच विचारायचे. आपला जीव वाचतो की नाही हे त्यांनी मला कधी विचारलं नाही. त्यांना पोरीला परत आणायचं होतं.

थुंकी पोचवायचं काम माझ्याकडे आलं. रुंद तोंडाची एक काचेची बाटली दवाखान्यातून मिळायची. काकांनी सकाळी उठून तोंड न धुता, छातीच्या तळापासून खाकरून, तीत थुंकायचं. बाटली हातात धरून घरमालकाच्या ओसरीवरून जाणं शक्य नव्हतं. काकूंनी तोड काढली. जेवणाचा जुना तीन पुडांचा डबा होता, त्याच्या सगळ्यात खालच्या पुडात कापूस घालून त्यात बाटली, आणि वरची दोन पुडं रिकामी. "कॉलेजला डबा नेतोय म्हणून वाटेल," त्या म्हणाल्या. ज्या घरात ओठ लागलेला टंबलर वर्षभर पालथा पडून होता, त्या घरानं जेवणाच्या डब्यात क्षयाची थुंकी भरली. मी दोन बोटांनी तो डबा उचलायचो आणि हात अंगापासून लांब धरून चालायचो.

तीन-चार वेळा नेला. मग एकदा बसमध्ये गर्दी होती, डबा मांडीवर घ्यावा लागला. शेजारी एक जाडसर गृहस्थ बसले होते, कपाळावर विभूती, तोंडात सुपारी. त्यांनी डब्याकडे पाहिलं.

"काय तंबी, काय दिलंय आईनं आज?" धाकट्या भावाला हाक मारावी तसं त्यांनी तमिळमध्ये विचारलं.

"दहीभात," मी म्हणालो. जे सुचलं ते.

"पातळ झालाय वाटतं. गळतोय बघ."

मी खाली पाहिलं. बाटलीचं झाकण सुटलं असावं. खालच्या पुडाच्या फटीतून एक ओघळ बाहेर आला होता. पांढरट, मध्येच पिवळी गाठ, तुटत नव्हता, लोंबत होता. माझ्या धोतरावर, मांडीच्या उघड्या भागावर, बोटांच्या बेचक्यात. कोमट होता. डब्यावर ऊन पडल्यामुळे असेल, पण मला वाटलं तो काकांच्या छातीतलाच ऊबदारपणा आहे. ते गृहस्थ हसत म्हणाले, "आईला सांग, पाणी काढून घालत जा." मी पुढच्या थांब्यावर उतरलो आणि रस्त्याच्या कडेला पोट रिकामं होईपर्यंत ओकलो.

आजही मी दहीभात खात नाही. मद्रासमध्ये राहून दहीभात न खाणाऱ्या माणसाला लोक वेडा समजतात. मी पित्ताचं कारण सांगतो.

त्या थांब्याजवळ रस्त्याचा नळ होता. मी हात धुतले, मांडी धुतली, डबा धुतला. मग बाटली उघडली, तीत उरलेलं गटारात ओतलं, आणि बाटली आत बोट न घालता पुन्हा पुन्हा विसळली. ती लख्ख झाली तेव्हा मला खरोखर बरं वाटलं, एखादं पुण्याचं काम केल्यासारखं. पण रिकामी बाटली दवाखान्यात कशी द्यायची? काकूंना काय सांगायचं? मला त्या दिवसांत थोडं पडसं होतं. मी नळाशी उभा राहून खाकरलो आणि माझा स्वतःचा कफ त्या बाटलीत थुंकलो. त्याची मला मुळीच किळस आली नाही. आपली थुंकी कोणाला घाण वाटते!

निकाल स्वच्छ आला.

काकूंनी पायसम केलं. आई देवापुढे बसून रडली. काका भिंतीला टेकून उठून बसले आणि लाकडी बाहुलीला म्हणाले, "येतेय हं आता." त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्यानंतर पायसम परत पातेल्यात घालावं लागलं असतं, आणि ती बाटली पुन्हा डब्यात. मी स्वतःला समजावलं की काका बरे होतच आहेत, त्यांचा चेहरा भरलाय, निकाल खराही असेल. पुढच्या महिन्यात मी नळाशी उतरलो तो चुकून उतरलो नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. घरातून निघताना बाटलीत काकांची थुंकी असे आणि दवाखान्यात पोचताना माझी.

डॉक्टर खूश झाले. म्हणाले, मुलीला आणा.

चिन्नी आली ती "अप्पा, अप्पा" करत धावतच काकांच्या मांडीत शिरली. बंद खिडक्यांच्या त्या खोलीत ती रोज त्यांच्या गळ्याला मिठी मारून झोपायची, तोंडाजवळ तोंड नेऊन गोष्टी ऐकायची. काका खोकायचे तेव्हा ती त्यांच्या छातीवर कान ठेवून म्हणायची, "आत गाडी चाललीय." मी ते पाहत होतो. मला आत कुठेतरी टोचत होतं, पण मी तेव्हा कोपऱ्यातल्या वेगळ्या ताटाकडे बघायचो. ताट वेगळं आहे. टंबलर वेगळा आहे. तिला एच्चिल मिळत नाही. मग काय होणार आहे? खरं सांगतो, हे माझं ढोंग नव्हतं. यावर माझा विश्वास होता.

तिला आधी नुसता ताप आला. मग ती चिडचिडी झाली, हसेना, खेळेना. मग उलट्या. मग एका दुपारी काकूंनी तिचं डोकं उचललं तर मान वाकेना, लाकडासारखी ताठ. एक डोळा आत वळला होता. हॉस्पिटलमध्ये तिच्या पाठीच्या कण्यात सुई घालून पाणी काढलं. क्षयाचे जंतू मेंदूच्या आवरणापर्यंत गेले होते.

काकांना दवाखान्यात बोलावलं, नवा फोटो काढला. मी त्यांच्याबरोबर होतो. डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरला.

"फुप्फुसात भोक आहे आणि थुंकी स्वच्छ? हे जमत नाही. तुम्ही बाटलीत काय देत होता?"

"छातीतून येतं ते, सार," काका म्हणाले.

"तोंडातली लाळ देत होता. कष्ट नकोत म्हणून. मी असे शंभर पेशंट पाहिलेत."

"नाही सार. तळापासून काढत होतो."

"आणि गोळ्या?"

काकांनी मान खाली घातली. त्या पुड्यांनी त्यांना रोज मळमळायचं, पोट सुटायचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ते हळू म्हणाले, "निकाल स्वच्छ आला म्हणून... थोड्या टाकल्या. केळीच्या बुंध्याशी."

"म्हणजे हे तुम्ही केलंत," डॉक्टर म्हणाले. आवाज चढवला नाही. "तुमच्या खोकल्यातून, हवेतून, तुमच्याच मुलीच्या श्वासात गेलं. ताटातून नव्हे हो, श्वासातून!"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. माणूस पडताना शेजारच्याकडे पाहतो तसं. त्यांना माहीत होतं की ते तळापासून खाकरत होते. मलाही माहीत होतं. मी डॉक्टरांच्या टेबलावरच्या शाईच्या डागाकडे बघत राहिलो.

त्याच दिवशी काकांना तिथेच बाटलीत थुंकायला लावलं. कॉलेजात शिकणारा मुलगा म्हणून डॉक्टरांनी मला ती काच सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली. निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या. बारीक, किंचित वाकड्या, कुंकवाची बोटं उमटावीत तशा, जिकडेतिकडे. मला सगळ्यात ओंगळ वाटलं ते हे की त्या सुंदर होत्या. मी ज्याला दोन बोटांनी धरून लांब ठेवत होतो ते इतकं स्वच्छ दिसत होतं, आणि ज्याची मला किळस आली नव्हती ती माझी थुंकी एका पोरीच्या डोक्यात ताप होऊन बसली होती.

चिन्नी वाचली. महिनोन् महिने स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं, ढुंगणावर बोट ठेवायला जागा उरली नाही. घरी आली तेव्हा भिंत धरून चालत होती. एके सकाळी काकूंच्या हातून पितळेची घागर निसटली आणि फरशीवर आदळली. आई दचकली, मी दचकलो, बाहेर घरमालकाचा कुत्रा भुंकायला लागला. चिन्नी आमच्याकडे पाठ करून बसली होती. ती आपल्या बाहुलीचे केस विंचरत राहिली. कान आजारानं गेले की औषधानं, ते कोणीच सांगू शकलं नाही.

काका सॅनेटोरियममध्ये गेले आणि बरे होऊन परत आले, पण त्यांनी चिन्नीला पुन्हा कधी उचललं नाही. डॉक्टरांनी रोग पूर्ण गेल्याचं लिहून दिलं तरी ते तिच्यासमोर तोंडावर उपरण्याचं टोक धरूनच बसायचे, बोलायचे, हसायचेसुद्धा. मरेपर्यंत. आणि त्याच वर्षांत चिन्नी बहिऱ्यांच्या शाळेत ओठ वाचायला शिकत होती. माझे ओठ ती वाचायची, काकूंचे वाचायची, दूधवाल्याचे वाचायची. बापाचे ओठ तिला कधी दिसलेच नाहीत.

काकांच्या तेराव्यानंतर मी अंबत्तूरला गेलो. चिन्नी तिथल्या एका छोट्या कारखान्यात स्प्रिंगा तपासायचं काम करते, कारखान्यामागेच दोन खोल्या घेऊन काकूंबरोबर राहते. यंत्रांच्या गोंगाटात सगळे एकमेकांवर ओरडतात, तिला ओरडावं लागत नाही, म्हणून तिथे ती खूश आहे. काकू शेजारी गेल्या होत्या. चिन्नीनं कापी केली, दोघांनी वरून ओतून घेतली. मी बोलायला लागलो, आणि तिनं माझा दंड धरून मला खिडकीकडे वळवलं. "उजेडात बस, वासूअण्णा. तोंड दिसत नाही."

मी तमिळमध्ये सांगितलं. शाळेत ती तमिळ ओठ शिकली. बस, डबा, नळ, बाटली. हळूहळू, एकेक शब्द तोंड उघडून. असं सांगताना मान वळवता येत नाही, पुटपुटता येत नाही, खाली बघता येत नाही. ती माझ्या तोंडाकडे, ओठांकडे, जिभेकडे बघत होती. ज्या ओलाव्याची मला आयुष्यभर किळस होती त्याच्याकडे.

सगळं सांगून झाल्यावर तिच्या त्या सपाट, चढउतार नसलेल्या आवाजात तिनं विचारलं, "मग अप्पा तोंड का झाकायचे? त्यांना माझी घाण वाटायची ना?"

मला वाटलं होतं ती कानांबद्दल विचारेल.

"नाही," मी म्हणालो. "त्यांना स्वतःची वाटायची. त्यांना वाटत होतं तुला त्यांनी आजारी पाडलं. मी त्यांना तसं वाटू दिलं."

तिनं हातातल्या टंबलरकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्या तोंडाकडे. "परत सांग," ती म्हणाली, आणि हे मराठीत म्हणाली.

मला तमिळमधला क्षमेचा शब्द येत होता, पण तो परक्या माणसाला म्हणतात. मराठीतले मोठे शब्द तिला येत नाहीत. तिची मराठी कान गेले त्या वयाची आहे, चार-साडेचार वर्षांची, त्यापुढे एक शब्द गेलेली नाही. म्हणून मी खिडकीकडे तोंड करून, ती ओठ वाचू शकेल इतक्या जवळ जाऊन, तिच्याच शब्दांत सांगितलं.

"चिन्नी, अप्पांनी नाही. मी. मी घाण केली."